वेगळा कप

सरकारी दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी साठीचे एक गृहस्थ बसले होते, तोंडाला रुमाल बांधून. आपल्याला टीबी झाल्याचं त्यांना त्याच सकाळी कळलं होतं. सिस्टरनं त्यांचं बोट टोचून साखर तपासली. "काका, साखरही बरीच वाढलेली आहे. टीबी निघाला की आम्ही साखर बघतोच. पुष्कळदा दोन्ही बरोबर असतात."

त्यांनी बोटावरचा कापूस दाबून धरला. मग म्हणाले, "म्हणजे चहा बिनसाखरेचा. बरं झालं. आजोबांचा कप वेगळा का, असं नातवंडांनी विचारलं तर सांगायला काहीतरी झालं."

"कपानं टीबी पसरत नाही हो," सिस्टर म्हणाली. "खोकताना तोंड झाका, गोळ्या चुकवू नका, आणि घरच्यांनाही तपासणीला आणा."

त्यांनी मान हलवली, पण मनानं ते केव्हाच घरी पोचले होते, कोणता कप आपला करायचा ते ठरवत.

माझी साखर जुनी. बायको होती तेव्हा माझा चहा आधी गाळायची, निळ्या कपात, अदलाबदल नको म्हणून. आता खोकला दोन आठवडे हटत नव्हता, तेव्हा डॉक्टरांनी मलाही बेडका तपासायला पाठवलं होतं. डबी हातात धरून मी नाव पुकारायची वाट बघत होतो. निकाल काहीही येवो, माझ्या घरी रोज एकच कप विसळला जातो. तो कुणापासून वेगळा ठेवू?