पहिली सापडेल ती फाईल

माझा स्वभाव पहिल्यापासून संशयी. दूधवाला दहा मिनिटं उशिरा आला तरी मी म्हणायची, यानं वाटेत नळ गाठला. आई म्हणायची, "अवं, तुले साक्षात देव भेटला तरी तू त्याचं ओळखपत्र मागशील." मी हसायची, पण मनात म्हणायची, मागायलाच पाहिजे.

ऑफिस नव्या रायपुरात गेलं तेव्हा मी आस्थापना शाखेत होती. तात्यापाऱ्यातल्या घरून निघताना सकाळची बस चुकली की अर्धा दिवस गेलाच समजा. घरी आई, डोळ्यांनी जवळजवळ आंधळी. शेजारची दीदी दुपारी तिले वाढून द्यायची म्हणून निभत होतं. अशात बदल्यांचं वारं सुटलं. ज्यांना घरच्या अडचणीमुळे रायपुरातच राहायचं होतं त्यांनी अर्ज करायचे, अन् त्यांची शेवटची यादी बनवून साहेबांना द्यायचं काम माझ्याच गळ्यात.

शाखांच्या एक्सेल फायली एका फोल्डरमध्ये येत. नावाची सुरुवात ठरलेली, 'बदली अर्ज', मग शाखेचं नाव. त्यापुढे ज्याले जे वाटेल ते शेपूट. कोणी तारीख लावे, कोणी 'नई', एक महाशय तर 'फायनल के बाद' लिहीत. या शेपटांसाठी मी एक मॅक्रो, म्हणजे एक्सेलमधलाच छोटा प्रोग्राम, लिहिला होता. नावाचा माहीत असलेला तुकडा द्यायचा, पुढे एक स्टार टाकायचा, म्हणजे शेपूट कोणतंही असलं तरी चाले. बटण दाबलं की कम्प्युटर तशी फाईल शोधून उघडायचा अन् तिच्यातली नावं माझ्या यादीत आणून टाकायचा. रजांची असो की बदल्यांची, प्रत्येक यादीत मी चार महिने त्याच्या भरवशावर मिरवली.

आमच्या शाखेची फाईल बाजूच्या टेबलावरचे भाऊ भरायचे. गोंदियाकडचे, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठे, तरी मले ताई म्हणायचे. त्यांच्या बायकोचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा रायपुरातच होतं, म्हणून तेही अर्ज करणार होते. माणूस हळू, गोड बोलणारा. गोड बोलणाऱ्यावर माझा विश्वास आधीच कमी! मी त्यांना बजावलं, "भाऊ, आता जुनी फाईल पुसायची नाही. नवीन वेगळी ठेवा. पुरावा पाहिजे." तोवर ते जुनी पुसून टाकायचे. "हव ताई," एवढंच म्हणाले.

सोमवारी त्यांनी माझ्यासमोर नवीन फाईल बनवून तिच्यात माझा अर्ज भरला, खाली स्वतःचा. मी बटण दाबलं. यादीत माझं नाव नाही. सांगितलं तर त्यांनी पुन्हा भरून नवीन फाईल ठेवली. मंगळवारी पुन्हा नाही. तेव्हा डोक्यात लख्ख उजेड पडला. एका शाखेतून एकालाच सूट मिळणार अशी कुजबुज होती. म्हणजे हा माणूस समोर लिहून राहिला अन् मागून पुसून राहिला! मॅक्रोवर संशय? छे! स्वतःच्या पोराले कोण चोर म्हणते?

मी त्यांचा चहा घेणं बंद केलं. बुधवारी जेवून आली तर भाऊ माझा खालचा ड्रॉवर लावून राहिले होते.

"काय पाहून राहिले?"

"काही नाही ताई, एक कागद..."

"माझ्या ड्रॉवरले हात लावायचं काम नाही!"

सगळी शाखा आमच्याकडे पाहू लागली. भाऊ कान लाल करून जागेवर बसले. मी ड्रॉवर उघडून वरवर पाहिलं. जुनी रजिस्टरं जागेवर होती. दुसऱ्या दिवशी घरून कुलूप आणलं अन् ठोकलं.

शेवटच्या दिवशीही माझं नाव आलं नाही, तर मी ते सरळ शेवटच्या यादीत हातानं टाकलं. भाऊंचंही नाव नव्हतं. खोटं कशाला बोलू, मले ते दिसलं होतं. मी म्हटलं, यानं वरून साहेबांकडून जमवलं असन, म्हणूनच इथं नाही. दुपारी ते आले. "ताई, माझं आलं का, एकदा पाहून घ्या ना."

"फाईलमध्ये असन तर येईलच," मी मान वर न करता म्हटलं. ते परत जागेवर जाऊन बसले.

ऑर्डर निघाली. मी रायपुरात, भाऊ दूर बस्तरात, जगदलपूरला. त्यांनी टेबल पुसलं, डबा अन् कप पिशवीत टाकला. भांडले नाहीत, साहेबांकडेही गेले नाहीत. मले त्यातही काहीतरी काळंबेरं वाटलं.

तीन आठवड्यांनी रजांची यादी करताना मॅक्रोनं मागच्या महिन्याची फाईल उघडली. आता तर भाऊ नव्हते! मग मी पहिल्यांदा तो फोल्डर स्वतः उघडला. आमच्या शाखेच्या 'बदली अर्ज' नावाच्या तीन फायली एकाखाली एक. माझा मॅक्रो जुळणारी पहिली सापडेल ती उघडत होता अन् तिथंच थांबत होता. पहिली म्हणजे सर्वात जुनी, आमचे अर्ज भरायच्या आधीची. जी पुसू नका असं मीच सांगितलं होतं. तिसरी उघडली. पहिलं नाव माझं, दुसरं भाऊंचं.

मी धावत साहेबांकडे गेली, सगळं कबूल केलं. "मैडम, वो तो जॉइन भी कर चुके," साहेब म्हणाले. "अब अगले साल देखेंगे."

परत आली अन् पर्समधून किल्ली काढून खालचा ड्रॉवर उघडला. सगळी रजिस्टरं बाहेर काढली. तळाशी भाऊंच्या हातचा अर्ज होता, मागे दवाखान्याचा कागद टाचलेला. वर एक चिठ्ठी: 'ताई, तुमचं नाव दिसत नाही म्हणता, तर माझंही दिसत नसन. म्हणून हा कागद ठेवून राहिलो. तुमचं मी रोज तपासतो, फाईलमध्ये आहे. आईची काळजी करू नका.'