फोटोपुरती सरळ

ऑरिन टॅगर्ट आमच्या दुकानात बावीस वर्षं होता आणि तेवढ्या काळात त्याने एकाही गिऱ्हाइकाचं अभिनंदन केलं नाही. आम्ही चाकांवरची घरं विकतो. आत पलंग, शेगडी, संडास, सगळं असतं. पिकअपला जोडायचं आणि निघायचं. वायोमिंगमधल्या आमच्या बिटर वेल्स गावात वाऱ्याशिवाय बघण्यासारखं काही नाही, तरी गिऱ्हाइकं लांबून येतात, कारण मालक रॉइस फार गोड बोलतो. ऑरिन गोड बोलत नसे. तो मागच्या शेडमध्ये जोडणीचं काम करायचा, सूर्यफुलाच्या बिया चघळायचा आणि टरफलं थुंकायचा. विक्रेत्याचं बोलणं कानावर आलं की टरफल नेहमीपेक्षा जरा लांब जायचं.

मी लिओना. सुट्या भागांच्या काउंटरवर एकोणीस वर्षं बसते. ऑरिनबद्दल इतर कुणी चार शब्द सांगणार नाही, म्हणून मी सांगते. मला तसा हक्क नाही, ते पुढे कळेलच.

तो मेंढ्यांच्या कळपात वाढला. मग खाणीवर दोन-दोन ट्रेलर जोडलेले ट्रक चालवले, बायको वारल्यावर इकडे आला. आम्ही विकतो त्यातल्या एकाही घरात तो एक रात्र झोपला नव्हता. सुट्टीत डोंगरावर जायचा तो बापाचा जुना कापडी तंबू घेऊन. रॉइस एकदा म्हणाला, "अरे, निदान एक तरी वापरून बघ, कर्मचाऱ्याला सूट आहे." ऑरिन म्हणाला, "मी मिठाईच्या दुकानात काम करतो, म्हणून माझे दात पाडून घेऊ का?"

त्यातल्या त्यात फिफ्थ-व्हील नावाच्या घरांवर त्याचा राग कमी होता. त्या घराचं नाक पिकअपच्या हौद्यात, मागच्या चाकांच्या अगदी वर टेकतं. साधा ट्रेलर मात्र बंपरच्या मागे, चाकांपासून चार-पाच फूट लांब, एका लोखंडी गोळ्यावर अडकतो. गिऱ्हाइकाने फरक विचारला की ऑरिन सांगायचा, "पोराला खांद्यावर घेतलं तर ते तुमच्याबरोबर चालतं. बोटाला धरलं तर कधी ओढ घेईल सांगता येत नाही. म्हणून बोट घट्ट धरायचं. नाकावर वजन पाहिजे." शंभरातले बारा-तेरा तरी नाकावर, दहाच्या खाली कधीच नाही, हा त्याचा नियम. गाडी फाटकाबाहेर पडण्यापूर्वी तो काट्यावर नाकाचं वजन घ्यायचा आणि मगच गाडी सोडायच्या परवान्यावर सही करायचा.

आता घंटेबद्दल सांगायलाच हवं. आमच्याकडे नवीन मालकाने पितळी घंटा वाजवायची, सगळ्यांनी काम सोडून टाळ्या पिटायच्या, केक कापायचा आणि पिकअप नि ट्रेलर जोडून त्यांच्यासमोर फोटो काढायचा, असा रिवाज आहे. फोटो ऑफिसच्या भिंतीवर लागतो. त्या भिंतीवर दोनशेच्या वर दात काढलेले चेहरे आहेत. मला त्या घंटेची शिसारी येते. टाळ्या मात्र मी दर वेळी वाजवल्या.

त्या मे महिन्यात वेंडेल आणि ग्लेनिस हॅस्किन आले. वेंडेलने एकतीस वर्षं शाळेची बस चालवली होती, ग्लेनिस त्याच शाळेच्या स्वयंपाकघरात होती. ग्लेनिसने समुद्र पाहिला नव्हता. ओरेगॉनच्या किनाऱ्यावर जाऊन सकाळची कॉफी घ्यायची, एवढंच तिच्या डोक्यात होतं आणि ते ती भेटेल त्याला सांगत होती. त्यांची पिकअप हलकी, आठ वर्षांची. आमचा विक्रेता ट्रेव्हिस, ज्याने आयुष्यात लॉन कापायच्या यंत्रापेक्षा जड काही ओढलं नसेल, त्याने त्यांच्या गळ्यात तेहतीस फुटी ट्रेलर मारला. "पिसासारखा येतो हो मागे, आहे की नाही तेही विसराल!" हे वाक्य तो सगळ्यांनाच ऐकवतो.

ऑरिनने जोडणी केली. वजन वाटून देणाऱ्या दांड्या बसवल्या, शेवटच्या कडीपर्यंत ताणल्या, काट्यावर घेतलं. नाक नऊशे चाळीस पौंड. बरोबर होतं, पण पिकअपच्या स्प्रिंगचे पाटे थकलेले, त्यामुळे मागची बाजू तीन बोटं खाली बसली.

"यापेक्षा वर येणार नाही," तो वेंडेलला म्हणाला. "तुम्ही तो बावीस फुटी घ्या. हाच हवा असेल तर ताशी पंचावन्न मैलांच्या वर जायचं नाही, मागे काही लादायचं नाही आणि वारा सुटला की गपचूप थांबायचं."

वेंडेलचं लक्ष बोलण्याकडे नव्हतं. तो लांब उभा राहून पिकअपकडे बघत होता. "कुत्रं परसाकडला बसल्यासारखी दिसते रे माझी गाडी," तो म्हणाला. "फोटोत अशी येणार?"

आमच्या भागात पिकअप हा माणसाचा चेहरा आहे. ढुंगण टेकलेली पिकअप घेऊन गावातून जायचं म्हणजे लाज. आणि सरळ दिसते ती गाडी बरोबर जोडलेली, ही समजूत तर इतकी पक्की की बापाने पोराला शिकवलेली असते.

ट्रेव्हिसने ते हेरलं. ऑरिन जेवायला गेला तेव्हा त्याने ट्रेलरची पाण्याची टाकी काठोकाठ भरली. ती टाकी मागच्या टोकाला. पुढच्या कप्प्यातलं जनरेटर आणि वेंडेलची हत्यारांची पेटी काढून मागच्या रॅकवर बांधली. शेपूट जड झालं, नाक हलकं झालं आणि पिकअप मागून उचलली गेली. अगदी सरळ! वेंडेलने शिट्टी वाजवली. रॉइस म्हणाला, "बघा, याला म्हणतात सेवा." मग घंटा झाली, टाळ्या झाल्या, फोटो झाला.

केकवर साखरेचा ट्रेलर काढलेला होता. ग्लेनिस स्वतः कापून सगळ्यांना देत होती. मला तिने कोपऱ्याचा तुकडा दिला, ज्यावर दोन्ही बाजूंनी क्रीम असतं आणि वर गुलाब. "कोपरा ज्याला आवडतो त्याचा चेहराच सांगतो," ती म्हणाली. "घे गं, लाजू नकोस."

ऑरिन परत आला. एकदा बघितलं आणि काटा सरकवून नाकाखाली घातला. चारशे नव्वद. एकूण वजन आठ हजारांवर गेलेलं. म्हणजे शंभरात सहा.

"टाकी रिकामी करा," तो म्हणाला.

"आत्ताच तर फोटो काढला," ट्रेव्हिस म्हणाला.

"फोटो चालवणार आहेत का ते? माणसं बसणार आहेत आत. मी सही करत नाही."

रॉइस त्याला बाजूला घेऊन बोलला, मग मोठ्याने बोलला. ऑरिन टरफलं थुंकत उभा. शेवटी रॉइस तो परवाना घेऊन माझ्या काउंटरवर आला. "लिओना, नियमात काउंटरप्रमुखाची सही चालते."

मला आकडे कळतात. चारशे नव्वद म्हणजे काय, हे मी ऑरिनच्या तोंडून बावीसशे वेळा ऐकलं असेल. पण बाहेर माणसं खोळंबली होती, रॉइस पेन धरून उभा होता आणि मला वाटलं, इतके जातात, हेही जातील. मी सही केली. बोटाचं क्रीम कागदाला लागलं, ते मी पँटला पुसलं. आज ते आठवलं की मला स्वतःची किळस येते, ट्रेव्हिसची येते त्याहून जास्त.

ऑरिनने तोवर स्वतःची पिकअप फाटकात आडवी लावली होती.

"काढ ती," रॉइस ओरडला.

"पाणी सोडा, काढतो."

मग वेंडेलच खाली उतरला. मान लालबुंद. "हे बघ मित्रा, एकतीस वर्षं मी लोकांची पोरं बर्फातून नेली आणलीत. एकालाही खरचटलं नाही. तू मला गाडी शिकवणार?"

"बस तुम्हाला येते. ही बस नाही."

"तुझं झालं असेल तर हो बाजूला. माझ्या बायकोसमोर माझी शोभा करू नकोस."

शहाण्याला थांबवता येतं, मूर्खालाही येतं. बायकोसमोर अपमान झालेल्या माणसाला नाही. त्याने पिकअप काढली. पण मग तो ग्लेनिसच्या खिडकीशी गेला आणि टोपी काढून उभा राहिला.

"बाई, त्यांच्या गुडघ्याजवळ ती छोटी पेटी दिसते? तिला पुढे एक दांडी आहे. ती फक्त ट्रेलरचा ब्रेक लावते. शेपूट हलायला लागलं की ते पायाने ब्रेक मारतील, सगळे मारतात, त्याने आणखी बिघडतं. तुम्ही हात घालून ती दांडी दाबायची आणि धरून ठेवायची. ओरडायचं नाही, विचारायचं नाही. दाबा बघू."

तिने दाबली.

"पुन्हा."

पुन्हा दाबली. तिसऱ्यांदा त्याने तिला डोळे मिटून दाबायला लावली. ट्रेव्हिस फिदीफिदी हसत होता. "काय, आजीला ड्रायव्हिंग स्कूलला घातलं का?" ऑरिनने टरफल थुंकलं, ते बरोबर त्याच्या बुटावर पडलं. मी त्याला एकोणीस वर्षांत एवढा खुश पाहिला नव्हता.

त्याच संध्याकाळी रॉइसने त्याला काढलं. ऑरिनने काटा स्वतःच्या पिकअपमध्ये चढवला. तो त्याचाच होता, आम्हाला कुणाला माहीतही नव्हतं. जाताना माझ्या काउंटरवर थांबला. त्याने थकलेल्या नजरेने माझ्याकडे पाहिलं, बियांची अर्धी पुडी तिथे ठेवली आणि गेला.

तीन आठवड्यांनी ग्लेनिस एकटी आली. हातात ताटली, तीत रुबार्बचा पाय, म्हणजे आंबट देठांचं गोड सारण भरून भाजलेला केकसारखा प्रकार, वर कापड झाकलेलं. काउंटरवर ठेवून म्हणाली, "तो टोपीवाला आहे का गं?"

"नाही," मी म्हटलं. "ट्रेलर ठीक आहे ना?"

ती सगळं शांतपणे सांगू लागली. गावापासून बारा मैलांवरचा उतार. शेजारून मालट्रक गेला, त्याच्या वाऱ्याने ट्रेलरचं शेपूट एकदा हललं, मग परत, मग इतकं की कधी डावीकडच्या आरशात अख्खा ट्रेलर दिसे, कधी उजवीकडच्या. वेंडेलने ब्रेकवर पाय दिला. पिकअपचं मागचं टोक उचलून फिरायला लागलं. "माझा हात आपोआप गेला. मी डोळे मिटूनच दाबली. तशीच शिकवली होती ना त्याने." ट्रेलर हळूहळू सरळ झाला. गाडी कडेला थांबली तेव्हा मागचा रॅक जनरेटरसकट तुटून पलीकडच्या रस्त्यावर पडला होता. वेंडेलची बोटं स्टिअरिंगवरून सुटेनात. तिने एकेक करून सोडवली.

"तो आता गाडी चालवत नाही," ती म्हणाली. "किराण्यालासुद्धा मीच नेते. एकतीस वर्षं पोरं नेली त्याने. आता शेजारी बसतो आणि दाराची मूठ धरतो."

तिच्या डोक्यामागे, ऑफिसच्या उघड्या दारातून, भिंतीवरचा तो फोटो दिसत होता: वेंडेल अंगठा दाखवतोय, पिकअप दोरीने आखल्यासारखी सरळ. रॉइसला तो काढायला मी दोनदा सांगितलं होतं. म्हणतो, फार छान आलाय.

"पण तो माणूस कुठे गेला?" तिने विचारलं. "हा त्याच्यासाठी केलाय."

"त्याला काढलं. तुमची गाडी अडवली म्हणून."

"मग सोडली कशी? त्याची सही लागते, असं तोच म्हणत होता. कुणी केली सही?"

खोटं बोलता आलं असतं. ट्रेव्हिसचं नाव घेतलं असतं तर तिने विश्वासही ठेवला असता.

"मी केली," मी म्हटलं.

ती रागावली नाही. नीट आठवून बघत असल्यासारखी माझ्याकडे बघत राहिली.

"तुला तर मी कोपऱ्याचा तुकडा दिला होता," ती म्हणाली.

मग तिने ऑरिनचा पत्ता मागितला. मी लिहून दिला. तिने ताटली उचलली, दोन्ही हातांनी धरली आणि मी दार उघडायला काउंटरबाहेर येईपर्यंत तिने ते खांद्याने ढकलून उघडलं होतं.