मावशीची उरलेली दोन वर्षं

मावशी मोठ्यानं वाचल्याशिवाय कोणत्याही कागदावर सही करत नसे. पगारपत्रक असो की रजेचा अर्ज, मागे दहा माणसं खोळंबली तरी तिचं बोट ओळीखालून सावकाश सरकत राही. कोणी कुरकुरलं तर म्हणायची, "सही माही आहे नं? मंग वाचू दे."

दिग्रसला एका ट्रस्टच्या दवाखान्यात ती आया होती आणि मी कारकून. ती बारावी झालेली, वय तेहतीस, घरी चार एकर कापूस. ट्रस्टनं एका कर्मचाऱ्याला नर्सिंग शिकवायचं ठरवलं, तेव्हा अर्ज फक्त तिचा आला. तिचा बॉण्ड मीच टाइप केला. फी ट्रस्ट भरणार, परत आल्यावर पाच वर्षं इथंच नोकरी, आधी सोडली तर उरलेल्या वर्षांच्या हिश्शाची फी परत. तिनं तो दोनदा वाचला. "बाबू, हिश्शाची म्हंजे पुरी नाही नं?" एवढं विचारून घेतलं आणि सही केली.

कॉलेजात सतरा-अठरा वर्षांच्या पोरी तिला मावशी म्हणत. दोन वर्षांनी ती सिस्टर होऊन आली, पण आमच्याकडेही मावशीच राहिली. औषधांची इंग्रजी नावं तिला अजून अडायची. मग ती डॉक्टरांनाच थांबवायची, "पुन्हा सांगा सर. चुकीचं देण्यापरीस पुन्हा इचारलेलं बरं."

ती कापसाची वाईट वर्षं होती. बोंडअळीमुळे लोक फवारणीवर फवारणी करत होते. एका संध्याकाळी लांबच्या खेड्यातून एका माणसाला आणलं. सकाळी फवारताना त्याला चक्कर आली होती. दिवसभर घरच्यांनी ताक पाजलं, पण फवारणीच्या औषधानं भिजलेले कपडे अंगावर तसेच होते. तो गेला. मावशीनं त्याच्या तोंडावर चादर ओढली. मग म्हणाली, "कपडे काढून अंग साबणानं धुतलं असतं तरी वेळ भेटला असता. हे सांगाले गावात कोणी नव्हतं."

त्याच महिन्यात तिनं सरकारी आरोग्य उपकेंद्रातल्या नर्सच्या जागेसाठी अर्ज केला. मारेगावकडचं एक आडगाव मिळालं. नवरा म्हणाला, "वावराचं मी पाहतो. तू जाय." बॉण्डची तीन वर्षं झाली होती, दोन उरली होती.

ट्रस्टच्या व्यवस्थापकांनी तिचा राजीनामा बाजूला सारला. "अख्खी फी भर. मग इथं जमा असलेली तुझी मूळ प्रमाणपत्रं देतो."

"साहेब, कागदात हिश्शाची लिवलं आहे."

"ते कलम बदललं आहे."

"मंग बदललेल्या कागदावर माही सही दाखवा."

साहेबांनी मला हाक मारली, बॉण्डची सही केलेली प्रत शोधायला सांगितलं. त्यांची नजर मात्र सांगत होती, सापडू देऊ नकोस. ती कोणत्या फायलीत आहे हे मला ठाऊक होतं. कपाट उघडून मी आधी शेजारच्या दोन फायली उगाच चाळल्या. घरी आई आजारी होती, नोकरी हवी होती.  तरी मी प्रत काढली आणि टेबलावर ठेवली. मावशीनं तीही बोट ठेवून पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचली. बाहेरच्या बाकावरचे पेशंटही ऐकत होते.

दोन वर्षांचा हिस्सा तिनं कापसात लावलेल्या तुरीच्या पैशातून भरला. एका डॉक्टरांनी साहेबांना तेवढेही सोडून द्या म्हटलं, तर तिनंच नकारार्थी मान हलवली. "शिकवलं त्यायनं. माह्या वाटचं मी देईन, त्याच्या वर नाही." पावती घेतली, प्रमाणपत्रं एकेक तपासून पिशवीत ठेवली. मला म्हणाली, "बाबू, तुमाले तरास होईन."

झालाही. माझी बदली मागच्या भांडारात झाली आणि पुढची पगारवाढ अडली. पण त्या दिवसाचं मला कधी वाईट वाटलं नाही.

पुढच्या फवारणीच्या दिवसांत भांडारातला फोन वाजला. मावशी होती.

"बाबू, परवा एक जण फवारता फवारता पडला. माह्याकडं आणायच्या आधीच गावातल्या बायायनं त्याचे कपडे काढून अंग साबणानं धुतलं होतं. मी गाडीत घालून यवतमाळले नेला."

"मग?" मी विचारलं. पुढचं ऐकायची भीती वाटत होती.

"मंग काय! आत्ताच वार्डात पाहून आली," मावशी म्हणाली. "बसून जेवून राह्यला."