अंबाड्यातली पेन्सिल

परुळेकर बाईंच्या अंबाड्यात गजरा कधी दिसला नाही, पेन्सिल मात्र कायम असायची. शाईचं पेन पर्समध्ये, टोपण घट्ट लावून. ते बाहेर निघालं की ऑफिसात सगळे समजायचे, आज कुठलातरी आकडा पक्का झाला. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी एक मोठा तक्ता शाईने सुबक लिहून बाईंपुढे ठेवला. मला वाटलं, शाबासकी मिळेल. बाईंनी तो पाहिला, उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने पुन्हा आखायला घेतला. "एक तरी घर बघितलंस का गो? मग शाई कशाला नासलीस?" एवढंच म्हणाल्या. मी मनातल्या मनात त्यांना काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. अंधेरी पूर्वेला दुसऱ्या मजल्यावर आमचं छोटंसं ऑफिस होतं. एक साहेब, परुळेकर बाई, मी आणि दिवसभर खडखडणारा टाइपरायटर. दिल्लीहून एक काम आलं होतं. देशातल्या सगळ्या गरोदर बायकांना लोहाच्या गोळ्या द्यायच्या, तर गोळ्या किती लागतील, कशात भरायच्या, खेड्यापर्यंत कशा पोचवायच्या आणि या सगळ्याला खर्च किती, याचा आराखडा मार्चअखेर पाठवायचा होता. बाई मूळच्या वेंगुर्ल्याच्या, राहायला मुलुंडला. साहेबांशी बोलताना एकदम पुस्तकी मराठी, आणि जीव लागला की मालवणी. माझ्याशी मालवणीत बोलायला लागल्या तेव्हा मला कळलं, आपण पास झालो.

बाईंचं घर बघणं म्हणजे खरंच घर बघणं. गोळ्या कागदाच्या पुडीत द्यायच्या असं ठरलं होतं, कारण कागद स्वस्त. बाई मला घेऊन वेसाव्याच्या कोळीवाड्यात गेल्या. तिथल्या एका पोटुशा बाईने सुक्या बोंबलांच्या डब्यामागून पुडी काढून दाखवली. गोळ्या एकमेकींना चिकटून त्यांचा लाडू झाला होता. दर्याच्या हवेत मिठाचंसुद्धा पाणी होतं, गोळीचं काय घेऊन बसलात, असं ती हसत हसत म्हणाली. दुसऱ्या दिवशी बाईंनी आराखड्यात कागद खोडून झाकणाची डबी लिहिली. साहेब खर्च बघून चिडले. बाई शांतपणे म्हणाल्या, "दिल्लीची हवा कोरडी आहे साहेब, वेसाव्याची नाही." आणि पेन बाहेर काढलं.

एक आकडा मात्र शाईत जाईना. दर गरोदर बाईमागे शंभर गोळ्या. दिल्ली, साहेब, मी, सगळ्यांनी धरूनच चाललो होतो की दिली म्हणजे खाल्ली. बाईंना ते पटत नव्हतं. आरे कॉलनीतल्या पाड्यांवर, घाटकोपरच्या डोंगरावरल्या वस्तीत, जिथे जिथे गेलो तिथे त्यांनी विचारलं, आणि प्रत्येक बाई मान डोलावून म्हणाली, घेते की. बाई परत येऊन नुसत्या पेन्सिल चावत बसायच्या.

आता माझं सांगते. मी तेव्हा पाच महिन्यांची गरोदर होते. त्याआधीचं एक चौथ्या महिन्यात गेलं होतं, त्यामुळे जीव मुठीत धरून चालायचे. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी रक्त फार कमी आहे म्हणून याच गोळ्या दिल्या होत्या, आणि मी त्या खात नव्हते. घेतली की मळमळायचं, पोट साफ व्हायचं नाही, आणि झालं की तव्याच्या बुडासारखं काळं. त्यात गोरेगावला घरी सासूबाई म्हणायच्या की गोळ्यांनी पोर मोठं होतं आणि मग पोट फाडावं लागतं. शिवाय रोज माझ्या तोंडाकडे बघून कौतुक, "कशी उजळली आहे बघा! मुलगीच होणार." म्हणून पुडी आली की मी ती ऑफिसच्या खणात स्टेन्सिलच्या मागे सारायचे आणि विचारेल त्याला घेते म्हणून सांगायचे. दिवसभर देशाच्या गोळ्यांचा हिशोब करत होते मी! शहाणपणाची कमालच म्हणायची.

एका सकाळी ऑफिसच्या जिन्यात मला घेरी आली. कठड्याला धरून बसून राहिले, उशिरा वर पोचले. तोवर बाईंनी कार्बन पेपरसाठी माझा खण उघडला होता. सगळ्या पुड्या त्यांच्या टेबलावर ओळीने मांडलेल्या. मला वाटलं, संपलं, आता नोकरीही गेली. बाईंनी शेवटची पुडी ओळीत सरळ केली. मग म्हणाल्या, "गावभर फिरलंय गो मी, आणि घर माज्या बाजूच्या टेबलार होता."

मला रडूच फुटलं. रडता रडता सगळं ओकले. मळमळ, पोट, सासूबाई, पहिलं गेलेलं, आणि हेही जाईल ही भीती. डोळे पुसून बघते तर बाईंनी अंबाड्यातली पेन्सिल काढलेली, आणि एकेक कारण टिपून घेणं चालू. माझं डोकं सणकलं. मी म्हटलं, "मी रडतेय आणि तुम्ही लिहिताय?"

"तू रड. तुज्यासारक्या कितीतरी रडतत, त्येंका इचारूक कोण नाय. म्हणान लिवतंय."

दुसऱ्या दिवशी डबा खाऊन झाल्यावर बाईंनी दोन पेले मांडले, लिंबू पिळलेल्या पाण्याचे. एक गोळी माझ्यापुढे, एक स्वतःपुढे. "चल, घेऊया." मी म्हटलं, बाई, तुम्हाला कशाला? तर म्हणाल्या, "माका पण रगात कमी आसा गो." चहाने गोळी अंगी लागत नाही, म्हणून जेवणानंतरचा चहा तासभर पुढे गेला, दोघींचा. बाईंना चहाशिवाय दुपार कशी कठीण जायची ते मला ठाऊक होतं. पोटासाठी मुलुंडहून भिजवलेल्या काळ्या मनुका डबीतून यायच्या. त्या दिवसापासून त्यांनी एकदाही मला "घेतलीस का?" असं विचारलं नाही. त्याचं कारण एकदा मीच विचारलं. म्हणाल्या, "इचारल्यार माणूस खोटा बोलता. वांगडा बसल्यार बोलणा नाय." वांगडा म्हणजे सोबत.

सुट्टीच्या दिवशी मात्र वांगडा बसायला कोण? म्हणून एका रविवारी बाई थेट आमच्या घरी आल्या. सासूबाईही कोकणातल्याच. तासभर नुसत्या माशांच्या गप्पा, गोळीचा ग नाही. मी आत चहा ठेवायला गेले, बाहेर आले तर सासूबाई पदराने डोळे पुसत होत्या. काय बोलणं झालं ते सासूबाईंनी मला नंतर सांगितलं. बाईंची थोरली बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा पांढरीफटक पडली होती, आणि घरातले सगळे कौतुकाने म्हणत होते, गरोदरपणात उजळली हो पोर. बाळंत झाली, रक्त थांबेना, आणि उजाडायच्या आत गेली. कौतुक करणाऱ्यांत बाई स्वतःही होत्या. त्यानंतर माझ्या रंगाचं कौतुक सासूबाईंनी पुन्हा कधी केलं नाही. दर रविवारी दुपारी त्या स्वतःच पेला घेऊन माझ्यासमोर बसायला लागल्या.

सोमवारी आराखड्यात एक नवी ओळ आली, पेन्सिलीने. दर गरोदर बाईमागे घरी चार भेटी, प्रत्येकी अर्धा तास, सासूसकट. गावोगावच्या नर्सबाईंच्या तेवढ्या वेळाचा खर्च शेजारी मांडलेला. साहेब उसळले, गप्पांचे पैसे सरकार कसं देणार? बाई म्हणाल्या, "गोळ्यांचे पैसे पाण्यात घालायला सरकार तयार आहे, मग गप्पांनी काय घोडं मारलंय?" तरी ती ओळ त्यांनी पेन्सिलीतच ठेवली. मार्च उजाडला, दिल्लीची पत्रं यायला लागली, साहेब रोज टेबलाशी येऊन उभे राहायचे. बाई म्हणायच्या, एक घर बघायचं राहिलंय.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात मला मुलगी झाली. पाठोपाठ रक्त जायला लागलं. डॉक्टरीणबाईंचा आवाज चढलेला, अंगाखालची खाट हललेली, एवढंच आठवतं. शुद्धीवर आले तेव्हा त्या माझा हात धरून सांगत होत्या, "बरंच गेलं. अंगात होतं म्हणून निभावलं."

दुपारी बाई आल्या. बाळाला बघितलं, माझ्या पापण्या खाली ओढून आतला रंग बघितला. मग स्टुलावर बसून पर्समधून घडी घातलेला तक्ता काढला, मांडीवर पसरला, पेनाचं टोपण उघडलं आणि चार भेटींची ती ओळ हळूहळू शाईने गिरवली. मग शाई वाळेपर्यंत तक्त्यावर फुंकर घालत बसल्या.

आराखडा छापून आला तेव्हा डबी होती, भेटी मात्र चारांच्या दोन झाल्या होत्या. मी संतापले. बाई म्हणाल्या, "शून्य तर नाय ना लिवला? दोन भेटींत सासू तरी भेटतली." निवृत्तीनंतर त्या वेंगुर्ल्याला गेल्या आणि तिथेच वारल्या. त्यांच्या भाचीचं पत्र आलं, तीच, जिला जन्म देऊन बहीण गेली होती आणि जिला बाईंनी वाढवलं होतं. मी दोन दिवस जेवले नाही. मी आज आहे ती त्या बाईमुळे, हे मला कुणासमोर सांगायला कधी संकोच वाटला नाही. त्यांना मात्र ते तोंडावर सांगायचं राहून गेलं.

माझी ती मुलगी आता बोरिवलीला असते, आणि तिला सहावा महिना लागलाय. परवा फोनवर "घेतलीस का गं?" असं अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. दुपारी बस पकडून तिच्याकडे गेले, दोन पेल्यांत लिंबू पिळलं, दोन गोळ्या काढल्या.

"चल, घेऊया."

"आई, तुला कशाला?"

"माझंही रक्त कमी आहे," मी म्हटलं. गेल्याच महिन्यात तपासलंय. अगदी उत्तम आहे.