मळलेला ओवा

लोह्याच्या बसस्टँडमागे मोटारीचं वाइंडिंग करणारा एक जण आहे. आमच्या विहिरीवरची मोटार दर उन्हाळ्यात जळते, त्यामुळे आमची भेट ठरलेली. यंदा गेलो तर त्याच्या दुकानातलं स्टूलच दिसेना.

"बसलं की पेंग येते, सर. तंबाखू सोडल्यापासून अंगात जीव न्हाई. म्हणून देऊनच टाकलं," तो लाल झालेले डोळे चोळत म्हणाला. मानेवर ओला पंचा, शेजारी लिंबू-गुळाच्या पाण्याची बाटली. बोलता बोलता त्यानं डबीतला भाजलेला ओवा डाव्या तळहातावर घेतला, अंगठ्यानं मळला, वर दोन थापट्या मारल्या आणि तोंडात टाकला. रीत सगळी तंबाखूचीच, फक्त माल बदललेला.

तेवढ्यात त्याला काम शिकवणारे म्हातारे उस्ताद आले. सवयीनं त्यांनी आपली पुडी आणि चुना पुढे केला. "मळ रे."

मला वाटलं, झालं, आता हा घसरला. कारण पूर्वी तंबाखू मळली की हा आधी स्वतः चिमूटभर दाढेखाली धरायचा, मगच समोरच्याला द्यायचा. उस्तादांना नाही म्हणणं त्याला जमलं नाही. मान एका बाजूला वळवून त्यानं तंबाखू मळली, सगळीच्या सगळी त्यांच्या हातावर दिली आणि साबणानं दोनदा हात धुतले.

उस्तादांनी तोंड वाकडं केलं. "चुना लई झाला रे."

"व्हणारच, उस्ताद," पुन्हा ओवा मळत तो म्हणाला. "चाखून देणारा आता ऱ्हायला न्हाई."