मागच्या खोलीतला निळा कोट

माझी थोरली बहीण, आमची अक्का, एकोणीस वर्षं जनावरांच्या प्रयोगशाळेत काम करते. कुत्र्यांच्या विष्ठेत पार्वो विषाणू आहे का, ते शोधायचं. यंत्र विषाणूच्या जनुकाचा इवलासा तुकडा कोट्यवधी पटींनी वाढवून दाखवतं. वाढवलेला माल मागच्या खोलीत असतो, तिथला कोट निळा. नमुने पुढच्या खोलीत लावतात, तिथला पांढरा. निळा कोट पुढे आणायचा नाही, कारण बाहीला चिकटलेला कणही निरोग्याला रोगी ठरवतो. घरीही तेच. न्हाणीघरातली चप्पल स्वयंपाकघरात दिसली की आमची धडगत नसते.

मंगळवारी प्राण्यांच्या निवाऱ्यातून पाच पिल्लांचे नमुने आले. पार्वो निघाला तर बाकीच्या जनावरांना वाचवायला पाचही जणांना कायमचं झोपवायचं ठरलं होतं.

पाचही पॉझिटिव्ह आले. आणि सहावी नळीसुद्धा! तिच्यात अक्का खात्रीसाठी नुसतं पाणी घालते. पाण्याला पार्वो झाला, आता त्यालाही सलाईन लावायची का?

"पुढे निळा कोट कोणी आणला?" अक्काने विचारलं.

"मीच," लॅबचे साहेब म्हणाले. "सकाळी पाहुण्यांना लॅब दाखवली. दोन मिनिटांसाठी कोण कोट बदलत बसणार?"

"मग हा निकाल रद्द. पुन्हा लावावं लागेल."

"लावा की. पण निवाऱ्याला मी मघाशीच कळवलंय."

सहाव्या नळीकडे या शहाण्याने बघितलंसुद्धा नव्हतं. ऐकताना माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

अक्काने फोनवर फोन लावले. चौथ्यांदा तिथल्या डॉक्टरीणबाईंनी उचलला. "थांबा! निकाल चुकलाय!" अक्का ओरडली.

"दोनच राहिलीत हो, ताई," बाई म्हणाल्या.

अक्काने सगळी खोली पुसून काढली, नवे कोट काढले आणि उरलेल्या विष्ठेतून पाचही नमुने नव्याने लावले. पाचही निगेटिव्ह. पाण्याची नळीही स्वच्छ.

साहेब म्हणाले, "छान! दोघांचे रिपोर्ट पाठवून द्या. बाकीच्यांचे आता कोणाला हवेत?"

अक्काने पाच रिपोर्ट छापले. प्रत्येकावर पहिला निकाल का चुकला ते लिहिलं, निळ्या कोटासकट आणि तो कोणाच्या अंगावर होता त्यासकट. खाली सही केली आणि पाचही निवाऱ्याला पाठवले.