पाणी सांडलं म्हणून सांगितलं

"कॉडा इक्वायना सिंड्रोम," सर्जन म्हणाले आणि मग साध्या मराठीत विचारलं, "इथं कधीपासून बधिर आहे?"

त्यांच्या हातात टाचणी होती. बैठकीच्या जागी आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला ते टोचून बघत होते आणि मला काहीही कळत नव्हतं. खोलीत त्यांच्याशिवाय फक्त एक नर्स होती. बाकीच्यांना त्यांनी आधीच बाहेर काढलं होतं. मी छताकडे बघत म्हणाले, "कालपासून."

"काल ज्या डॉक्टरांना दाखवलं त्यांनी विचारलं नाही?"

"विचारलं होतं."

"मग?"

मी, चाळिशी उलटलेली बाई, दोन मुलांची आई, दिवसभर दुसऱ्यांना दटावणारी, आणि गृहपाठ न केलेल्या पोरीसारखी गप्प.

हा आजार काय असतो ते मला समजलं तसं सांगते. आपल्या मणक्यातून उतरणारी मज्जारज्जूची दोरी कंबरेच्या वर संपते आणि तिथून नसांचा एक जुडगा खाली जातो. घोड्याच्या शेपटीसारखा दिसतो म्हणून त्याला ते नाव. दोन मणक्यांमधली गादी, म्हणजे डिस्क, सरकून या जुडग्यावर बसली की पाय तर दुखतातच, पण लघवी, शौच आणि बैठकीची जागा यांच्या नसाही दाबल्या जातात. खोगिरावर बसलं की अंगाचा जो भाग टेकतो तोच बधिर होतो. हे झालं तर थांबायचं नसतं, लगेच ऑपरेशन करायचं असतं. मी थांबले होते.

छाणीच्या बाजूला एक वृद्धाश्रम होता, तिथं मी काम करायचे. त्या दिवसांत बडोद्यात बऱ्याच घरांतली मुलं अमेरिकेला जाऊ लागली होती आणि म्हातारी माणसं मागे राहत होती, त्यामुळे आमच्याकडे कधी खाट रिकामी नसायची. मांजलपूरहून मी लुनावर जायचे. हाताखालच्या बायका गुजराती, राहणारी माणसं निम्मी मराठी, निम्मी गुजराती. मी सगळ्यांची सुमनबेन.

आमच्याकडे एक पद्धत होती. म्हातारी माणसं आम्हा बायकांत वाटून दिलेली असत. माझ्या वाट्याची म्हातारी ती माझी. तिचं अंघोळपाणी, जेवण, कपडे, सगळं मीच करायचं आणि उचलायचंही मीच. उचलायचं म्हणजे तिनं माझ्या गळ्यात हात टाकायचे आणि मी तिला मिठीत घेऊन उभं करायचं. पाहुणे आले की ट्रस्टी मोठ्या कौतुकानं हे दाखवत, "जुओ, घरनी दीकरी जेवुं!" घरच्या लेकीसारखं! आपल्या माणसाला उचलायला दुसरीला हाक मारणं म्हणजे कमीपणा. एखादीनं मारलीच तर बाकीच्या आठवडाभर चिडवत, "शुं बेन, शक्ति खलास?" चिडवण्यात सगळ्यांत पुढे कोण असेल ते सांगायला नको.

माझ्या वाट्याला मनोरमाकाकू होत्या. जुन्या दरबारी अधिकाऱ्याच्या घरातल्या, अंगानं भरपूर, बोलणं नाजूक. अंघोळीच्या वेळी त्या दोन्ही हातांनी साडी छातीशी धरून ठेवत. मला कामाची घाई असे. मी साडी ओढून घेत म्हणायचे, "काकू, या वयात कसली लाज? पुरे झालं." त्या डोळे मिटून घ्यायच्या. मला वाटायचं, अंघोळीचं गरम पाणी सुखाचं लागतंय.

त्या दिवशी न्हाणीघरातल्या स्टुलावरून त्यांना उठवताना त्यांचे गुडघे दुमडले. सगळा भार माझ्यावर आला तेव्हा मी अर्धी वळलेली होते. कंबरेत कट्कन झालं. शेजारच्या खोलीत आमच्यातलीच रेखाबेन कपड्यांच्या घड्या घालत होती, मला तिच्या बांगड्या ऐकू येत होत्या. एक हाक मारली असती तर ती धावत आली असती. मी दात आवळून काकूंना खाटेपर्यंत नेलं, व्यवस्थित झोपवलं, पांघरूण घातलं आणि संध्याकाळी लुना चालवत घरी आले. एवढा माज.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही पायांतून कळा येत होत्या आणि खाली काहीतरी वेगळंच झालं होतं. पाटावर बसले तर पाट लागेना. संडासात बसले तर नुसतंच बसून राहिले. यजमान रिफायनरीत, त्यांची सलग शिफ्ट होती. तेव्हा घरात सासूबाई आणि धाकटे दीर. भाऊजींनी रिक्षा आणली आणि मला जवळच्या हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर तरुण होते, मन लावून तपासत होते. पाय उचलून बघितले, गुडघ्यावर हातोडी मारली. मग विचारलं, "बेन, पेशाब बराबर थाय छे ने? नीचे बहेरुं तो नथी लागतुं?"

भाऊजी माझ्या उशाशी उभे होते, एक्स-रेचं पाकीट हातात धरून. मी लग्न होऊन आले तेव्हा ते कॉलेजात होते. इतक्या वर्षांत मी त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता आणि त्यांनी मला कधी एकेरी हाक मारली नव्हती. त्यांच्यासमोर मी काय सांगणार होते? लघवी होत नाही? खालची जागा बधिर झालीय? जीभ उचलेना.

"बराबर छे," मी म्हणाले.

डॉक्टरांनी पुन्हा एकदा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. त्यांनी गोळ्या दिल्या, फळीवर झोपायला सांगितलं आणि लघवीला काही त्रास झाला तर ताबडतोब या, असंही निक्षून बजावलं. भाऊजी रिक्षात म्हणाले, "वहिनी, सुटलो बाई. साधं लचकणं आहे." मी मान हलवली.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझी मूठ दुसऱ्या दिवशी दुपारीच उघडली. ओटीपोट तट्ट फुगलं होतं आणि तरी लघवी लागल्याची जाणीव नव्हती. डुलकी लागून जाग आली तर गादी ओली होती. पुढं कळलं की मूत्राशय काठोकाठ भरलं की ते असं आपोआप ओघळतं. तेव्हा मात्र मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सासूबाई खोलीत आल्या. मी पटकन तांब्या आडवा केला आणि म्हणाले, "पाणी सांडलं हो, आई."

त्या वाकल्या, चादरीला हात लावला आणि माझ्याकडे बघितलं. "सुमन, पाण्याला असा वास येत नाही."

मग मी रडले. सासूबाईंनी एक शब्द बोलून दाखवला नाही. भाऊजींना बाहेर रिक्षा आणायला पाठवलं, माझं लुगडं बदललं, ओली चादर स्वतः बादलीत टाकली. सत्तरी ओलांडलेली बाई माझी चादर धुणार, या विचारानंच माझी मान वर होत नव्हती.

त्यांनी आग्रह धरून मला बडोद्यातल्याच अकोटा भागातल्या मोठ्या हॉस्पिटलात न्यायला लावलं. तिथं नळी घालून लघवी काढली तेव्हा नर्सनं आधी पिशवीकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. एम.आर.आय. हे प्रकरण तेव्हा नवीन होतं. बोगद्यासारख्या यंत्रात निजवून चुंबकानं आतली चित्रं काढतात. आत ठोक ठोक आवाज चालू असतो आणि हलायचं नसतं. मला हलायची इच्छाही नव्हती. तिथं निदान कोणी माझ्याकडे बघत नव्हतं.

त्याच संध्याकाळी ऑपरेशन झालं. लॅमिनेक्टमी, म्हणजे मणक्याच्या पाठीमागचं थोडं हाड काढून वाट करायची आणि सरकलेली गादी उचलून टाकायची. आत नेण्याआधी सर्जननी स्पष्ट सांगितलं, "पाय बहुतेक परत येतील. लघवीचं मी वचन देणार नाही. काल आला असतात तर जास्त खात्रीनं बोललो असतो."

पाय आले. भिंत धरून उभी राहिले, मग वॉकर, मग नुसतीच. सगळे पेढे वाटायच्या बेतात होते. पण नळी काढून बघितली की काही होत नसे. नर्स नळ सोडून ठेवायची. पाण्याचा आवाज ऐकून होतं म्हणे. मी तासभर त्या नळाखालची बादली भरताना बघत बसायचे आणि मग पुन्हा नळी. शौचाचंही तेच, बोटानं काढावं लागायचं, आणि ते काम वॉर्डातली आया करायची.

आया कामात तरबेज होती. मला ढकलून कुशीवर वळवायची, साडी वर करायची, पडदा अर्धाच ओढायची. पलीकडच्या खाटेवरच्या पेशंटला भेटायला आलेली पुरुषमाणसं मान वळवून घेत. एकदा मी पडदा ओढायला हात पुढे केला तर ती म्हणाली, "हवे शेनी शरम, बेन? अहीं तो बधां सरखां."

आता कसली लाज. शब्दाला शब्द माझाच. मी डोळे मिटून घेतले आणि तेव्हा कळलं की मनोरमाकाकूंना गरम पाण्याचं सुख वगैरे काही वाटत नव्हतं. त्या बाईला बोल लावायला मला तोंड कुठं होतं? लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मी आयुष्यभर माणसांना स्वच्छ ठेवलं. त्यांची लाज राखायची असते हे माझ्या कामात मी धरलंच नव्हतं.

शेवटी एका केरळी नर्सनं मला आरसा आणि बारीक नळी देऊन शिकवलं. इंटरमिटंट सेल्फ कॅथेटरायझेशन, म्हणजे दिवसातून ठरावीक वेळा आपली आपण नळी घालून लघवी काढायची आणि नळी बाहेर घ्यायची. पहिल्या वेळी नळी हातातून निसटून खाली पडली. ती दार लावून, दाराला पाठ टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "टाइम लो, दीदी." तिचे उपकार मी विसरणार नाही. पुढं मला थोडी जाणीव परत आली, शौच बरंचसं ताब्यात आलं. लघवीसाठी मात्र नळी आजही लागते. नवराबायकोच्या नात्यातही त्या बधिरपणानं जे नेलं ते नेलं. यजमानांनी त्याबद्दल कधी कटू शब्द काढला नाही, पण आम्ही दोघं त्यावर नीट बोललोही नाही.

आता जे सांगते ते मी इतके दिवस टाळत आले.

घरी सगळ्यांचा समज झाला होता की त्या तरुण डॉक्टरांनी चूक केली. मी तो समज दूर केला नव्हता. कोणी भेटायला आलं की भाऊजी तावातावानं सांगत, "त्या डॉक्टरनं वहिनींची वाट लावली. साधं विचारलं नाही!" ते तर माझ्या उशाशीच उभे होते, पण संकोचानं बहुधा त्यांनी तो प्रश्न कानाआड केला होता. मी पलंगावर पडून ऐकत असे. चहा घेत असे. एके दिवशी ते ओळखीच्या वकिलाला घेऊन आले. ग्राहक मंचात केस घालायची होती. वकील म्हणाले, "वहिनी, डॉक्टरांनी लघवीबद्दल काहीच विचारलं नाही, एवढं तुम्ही सही करून द्या."

यजमान होते, सासूबाई होत्या, भाऊजी पेन काढून माझ्यासमोर धरत होते. त्या पोरगेल्या डॉक्टरांचा नुकता उघडलेला दवाखाना माझ्या डोळ्यांपुढे आला. दोन वेळा विचारलं होतं त्यांनी.

"विचारलं होतं," मी म्हणाले. "दोनदा. मी खोटं सांगितलं."

भाऊजींचा हात तसाच पुढे राहिला होता. मग ते हळूच म्हणाले, "का, वहिनी?"

"तुम्ही उभे होतात."

वकील उठून गेले. सासूबाई आत गेल्या. मला वाटलं, आता हा माणूस जन्मभर माझ्याकडे बघायचा नाही. भाऊजींनी पेन खिशात ठेवलं आणि ते म्हणाले, "अहो, मग बाहेर जा म्हणायचं होतंत ना. मी गेलो असतो. मला सुचायला हवं होतं, पण तुम्ही नुसतं म्हणाला असतात तरी गेलो असतो."

ते खरंच गेले असते. इतकं सोपं होतं ते.

मी कामावर परत गेले, पण देखरेखीला. दोघींनी मिळून उचलायचं आणि दार लावून अंघोळ घालायची, एवढे दोन नियम केले. ट्रस्टींना वाटलं सेवाभाव कमी झाला, बायका म्हणाल्या सुमनबेन आळशी झाल्या. म्हणू देत. मनोरमाकाकूंची मी हात जोडून क्षमा मागितली. त्यांनी माझे हात खाली केले आणि विषय बदलला. माफ केलं की नाही ते मला आजही माहीत नाही.

तुमच्यापैकी कोणी माणसं उचलायचं काम करत असेल, घरी आईला किंवा सासऱ्यांना उचलत असेल, तर कंबर लचकल्यावर लघवी अडली, किंवा बसायची जागा बधिर झाली, तर त्याच क्षणी सांगा. ज्याच्यासमोर सांगायला लाज वाटत असेल त्याला आधी बाहेर पाठवा. लाज वाटणारच. मला हे लिहितानाही वाटते आहे. यजमानांनी वाचून विचारलं, "लघवी हा शब्द इतक्या वेळा हवाच का?" मी तो तसाच ठेवला.

दर काही महिन्यांनी मला तपासायला जावं लागतं. भाऊजीच नेतात. आमचा नंबर पुकारला की ते माझी फाईल माझ्या हातात देतात, वेटिंग रूमच्या बाकावर परत बसतात आणि वर्तमानपत्र तोंडासमोर धरून म्हणतात, "वहिनी, मी इथं आहे."

मी आत जाते, दार लावून घेते आणि डॉक्टरांनी विचारायच्या आधीच सगळं सांगते.